सहा गावांचं वार्तापत्र: डुप्लिकेटर, व्हॉट्सॲप, मिस्ड कॉल आणि रेडिओ, कोणती सेवा कितपत कामाची?

गावाचं चार पानी पत्रक वर्षभर न चुकता निघालं की आजूबाजूच्या गावांतून विचारणा सुरू होते, आमच्या गावचं कधी? तिथून पुढे छपाई, फोन आणि रेडिओ यांच्या सेवा समोर येतात आणि प्रत्येक विक्रेता आपलीच सेवा पुरेशी असल्याचं सांगतो. विदर्भातल्या खेड्यांत यातली कोणती सेवा काय देते आणि कुठे अडते, ते इथे तपासलं आहे. हिशेबासाठी एक नमुना धरला आहे: सहा गावं, प्रत्येक गावात १२० प्रती, पंधरा दिवसांनी एक अंक, तालुक्याचं ठिकाण वीसेक किलोमीटरवर.

कसोटी एकच आहे. बातमी गावात पोचते का, हा अर्धा प्रश्न. गावाचं म्हणणं त्याच वाटेनं परत येतं का, आणि चूक छापली गेली तर ती चूक वाचलेल्या माणसापर्यंत दुरुस्ती जाते का, हा उरलेला अर्धा. नुसतं पाठवणाऱ्या सेवेनं प्रती वाढतात, जाळं तयार होत नाही.

छपाई: डिजिटल डुप्लिकेटर

तालुक्याच्या ठिकाणी प्रश्नपत्रिका आणि हँडबिलं छापणाऱ्या बहुतेक दुकानांत हे यंत्र असतं. कुठल्याही कंपनीचं असो, लोक त्याला 'रिसो' म्हणतात. झेरॉक्समध्ये प्रत्येक प्रतीसाठी टोनर कागदावर उष्णतेनं चिकटवला जातो. डुप्लिकेटर मात्र पानाचा एक मास्टर बनवतो, म्हणजे पातळ फिल्मवर अक्षरांच्या जागी बारीक भोकं पाडतो. तो मास्टर ड्रमवर गुंडाळला जातो आणि आतली शाई भोकांतून कागदावर उतरते. मास्टरचा खर्च एकदाच होतो, पुढच्या प्रतींना फक्त शाई आणि कागद लागतो. म्हणून एका पानाच्या तीस-पन्नास प्रतींपर्यंत झेरॉक्स स्वस्त आणि त्यापुढे डुप्लिकेटर.

या एका गोष्टीवर सहा गावांची रचना उभी राहते. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोरची चार पानं मिळतात. आतल्या बाजूला पान २ आणि ३, बाहेरच्या बाजूला पान १ आणि ४. आतली बाजू सर्व गावांना सारखी ठेवायची: शेती, योजना, आरोग्य, शाळा, हमीभाव. बाहेरची बाजू प्रत्येक गावाची वेगळी. एकूण मास्टर लागतात सात, आतल्या बाजूचा एक आणि बाहेरच्या बाजूचे सहा. बाहेरच्या प्रत्येक मास्टरवर १२० प्रती निघतात, म्हणजे पन्नासची मर्यादा सहज ओलांडली जाते आणि प्रत्येक गावाला स्वतःचं पहिलं पान परवडतं. ऑफसेटवर एवढ्या थोड्या प्रतींसाठी सहा वेळा प्लेट बदलणं परवडत नाही, आणि झेरॉक्सवर एकूण खर्च वाढतो. एवढ्या आकाराच्या जाळ्यासाठी या यंत्राइतकी सोयीची दुसरी छपाई नाही.

काम कुठे बिघडतं, तेही माहीत हवं. डुप्लिकेटरची शाई तेलकट असते. ती कागदात मुरते, टोनरसारखी घट्ट बसत नाही. एक बाजू छापून लगेच दुसरी छापायला घेतली तर रबरी रोलरचे काळे पट्टे उठतात. म्हणून आतल्या बाजूच्या सर्व ७२० प्रती आदल्या संध्याकाळी छापाव्यात, रात्रभर गठ्ठे सैल ठेवावेत आणि सकाळी बाहेरची बाजू घ्यावी. गावाचं नाव शीर्षकाजवळ ठळक असू द्यावं, नाहीतर सकाळच्या घाईत गठ्ठ्यांची अदलाबदल होते. चकचकीत आर्ट पेपर अजिबात नको, त्यावर शाई बोटाला लागते. साधा ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा. ७२० प्रतींवर पाच टक्के नासाडी धरली तर ७५६ कागद होतात. पाचशे कागदांचे दोन रीम आणले की २४४ कागद पुढच्या अंकाला उरतात. पावसाळ्यात रीम आयत्या वेळीच फोडावा. ओल धरलेला कागद कडेला वळतो, यंत्र दोन-दोन कागद एकदम ओढतं आणि मधल्या प्रती कोऱ्या निघतात.

फोटोंच्या बाबतीत यंत्र कच्चं आहे. मोबाईलवरचा फोटो तसाच दिला तर चेहरा काळा ठिक्कर येतो. दुकानदाराला 'फोटो मोड' लावायला सांगावं आणि त्याआधी फोटो कृष्णधवल करून उजळ करून घ्यावा. गर्दीचे, सत्काराचे फोटो टाळलेलेच बरे. रेषांचं चित्र आणि नकाशा मात्र झकास उतरतो. पांदण रस्त्याचा, नाल्याच्या खोलीकरणाचा किंवा नव्या डीपीच्या (विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या) जागेचा हाती काढलेला नकाशा दहा फोटोंपेक्षा जास्त कामाचा.

दुकानात पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचाराव्यात. यंत्र ए-थ्री घेतं का? अनेक यंत्रं बी-फोर किंवा लीगलपर्यंतच छापतात, मग पानाची मांडणी आधीपासूनच त्या मापाची लागते. मास्टरचे पैसे वेगळे की प्रतीतच धरलेले? आणि परीक्षेच्या दिवसांत यंत्र मोकळं मिळेल का? मास्टर निघाल्यावर चूक सापडली तर नवा मास्टर, म्हणजे नवा खर्च. त्यामुळे आधी एक लेसर प्रत काढून दोघांनी वाचावी, एकानं मजकूर आणि दुसऱ्यानं फक्त नावं, आकडे, तारखा. हे दुसरं वाचन वगळलं की हमखास कुणाचं तरी नाव चुकतं, आणि गावात आडनावाची चूक वर्षभर निघत राहते.

यंत्र विकत घेऊ नये. मास्टर रोल आणि शाई त्या-त्या मॉडेलचीच लागते, दुरुस्तीचा माणूस नागपूर-अमरावतीहून येतो आणि यंत्र महिन्यातले बहुतेक दिवस पडून राहतं. पडून राहिलं की ड्रममधली शाई घट्ट होते आणि पहिल्या कित्येक प्रती फिक्या येतात. दुकानाशी महिन्याचे दोन वार ठरवून घेणं कितीतरी शहाणपणाचं.

अक्षर आणि नोंदणी

जुनं पत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप होत असेल तर विस्ताराआधी ते युनिकोडवर आणावंच लागेल. जुन्या फाँटमधला मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मग तीच बातमी दुसऱ्यांदा टाईप होते आणि दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे जातात. जुन्या पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळत नाही, तेव्हा लिब्रेऑफिससारखं फुकट सॉफ्टवेअर वापरावं. अक्षर १३ पॉइंटच्या खाली नको, ज्येष्ठांसाठीच्या पानावर १४. दुकानात वर्डची फाइल नेऊ नये, पीडीएफ न्यावी. तिथल्या संगणकावर तो फाँट नसला की ओळी सरकतात आणि जोडाक्षरं फुटतात. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवणारा फाँट निवडावा, वाचणाऱ्याला पान आपलं वाटतं.

नोंदणीकडे काणाडोळा करू नये. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स ॲक्ट, २०२३ आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. लोकांशी संबंधित बातम्या किंवा त्यावरचं भाष्य ठरावीक काळानं छापून प्रसिद्ध करायचं असेल तर प्रेस सेवा पोर्टलवर नोंदणी लागते. नोंदणीशिवाय नियतकालिक काढल्यास दंडाची कमाल मर्यादा ५ लाख रुपये आहे. मुद्रकालाही पोर्टलवर माहिती द्यावी लागते, म्हणून मुद्रक म्हणून नाव द्यायला दुकानदार तयार आहे का, हे आधीच विचारावं. एका गावात हातोहात वाटलेलं पत्रक कुणाच्या नजरेत येत नाही. सहा गावांत जाहिराती घेऊन निघणारं पत्र येतं, आणि पहिली तक्रार बहुधा ज्याच्याबद्दल खरी बातमी छापली तोच करतो.

व्हॉट्सॲप: ग्रुप, ब्रॉडकास्ट, कम्युनिटी, चॅनल

चारही सोयी एकाच ॲपमध्ये आहेत, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. 'मला येतच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य बसतात, पण प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. सहा गावांच्या एकत्र ग्रुपमध्ये महिलांचे नंबर उघडे पडतात, अनोळखी 'गुड मॉर्निंग' सुरू होतात आणि बचत गटाच्या बाया एकेक करून बाहेर पडतात. कम्युनिटी म्हणजे अनेक ग्रुपांची एकत्र मोट. तिच्या घोषणा-ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात. चॅनलमध्येही नंबर दिसत नाही.

चॅनलची सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आली. रोजचे बाजारभाव, पावसाचा इशारा, लाइन बंद राहण्याची वेळ, एसटीच्या फेरीतला बदल यांसाठी चॅनल उत्तम. एकापेक्षा जास्त ॲडमिन ठेवता येतात, त्यामुळे एक जण वावरात असला तरी काम थांबत नाही. उणीव मोठी आहे: वाचणारा तिथे सरळ लिहू शकत नाही. फार तर खूण उमटवतो किंवा मतचाचणीत बोट दाबतो. शिवाय चॅनल आणताना व्हॉट्सॲपनं मजकूर ३० दिवसच साठवला जाईल असं जाहीर केलं होतं. चॅनल म्हणजे दप्तर नव्हे, मूळ मजकूर आपल्याकडे तारखेनिशी ठेवावाच लागतो.

म्हणून सर्वात चालणारी जोडणी अशी: बाहेर पाठवायला एक चॅनल आणि आत यायला प्रत्येक गावाचा छोटा वार्ताहर-ग्रुप. या ग्रुपात पाच ते सातच माणसं, त्यात किमान दोन महिला, एक शेतकरी, एक शेतमजूर. आशाताई असल्या तर फार बरं, पण रुग्णांची माहिती त्यांच्याकडून मागायची नाही. बातमीसोबत चार गोष्टी सक्तीच्या: कुठे, कधी, स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि दुजोरा देणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव. अंकाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी सातला दार बंद. उशिरा आलेली बातमी चॅनलवर जाते, अंक थांबत नाही.

ॲडमिन होण्याची भीती अनेकांना असते. एखाद्या सदस्यानं आक्षेपार्ह मजकूर टाकला आणि त्यात ॲडमिनचा समान हेतू नसेल, तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याच्यावर गुन्ह्याची जबाबदारी येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये दिला, तोही गोंदियाकडच्या प्रकरणात. वार्ताहर-ग्रुप मात्र तरीही बंदिस्तच ठेवावा. खुल्या ग्रुपवर निवडणुकीच्या महिन्यात बातमी शोधावी लागते.

कापसाच्या भावाचं उदाहरण घेतलं की कागद आणि चॅनल यांची वाटणी नीट कळते. बाजार समितीचा आजचा भाव पंधरा दिवसांनी छापणं निरुपयोगी आहे. तो चॅनलवर जावा, आणि फक्त कमाल दर देऊ नये. किमान, कमाल, सर्वसाधारण दर आणि आवक असे चारही आकडे द्यावेत. नुसता कमाल दर वाचून कास्तकार गाडी भरून निघतो आणि बाजारात गेल्यावर कळतं की तो भाव दोन-चार गाड्यांनाच मिळाला. कागदावर टिकणारी माहिती छापावी: २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल, सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ ते १२ टक्के ओलावा असलेला कापूस घेते, ८ च्या वर गेला की दर कापला जातो आणि १२ च्या वर परत पाठवते, 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते, सातबाऱ्यावर पऱ्हाटीची नोंद आहे का ते आधी पाहावं. असं पान घरात खुंटीला टांगलेलं राहतं.

मिस्ड कॉल सेवा

ज्या गावांत बटणाचे फोन जास्त आहेत, किंवा ज्यांची बोली कागदावर फारशी येत नाही, तिथे ही सेवा कागद आणि व्हॉट्सॲप दोन्हींच्या पुढे आहे. मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या काही भागांत कोलामी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. तिथे मराठीतलं पत्रक शाळेत गेलेल्या पोरापर्यंत पोचतं, आजीपर्यंत नाही.

काम असं चालतं. माणूस ठरलेल्या नंबरवर फोन करतो, यंत्रणा तो उचलत नाही, कापते आणि स्वतः परत फोन लावते. पैसे त्याचे जात नाहीत. मग आवाज येतो: बातम्या ऐकायला एक दाबा, आपलं म्हणणं सांगायला दोन दाबा. शेजारच्या छत्तीसगडमधलं सीजीनेट स्वर २०१० पासून याच पद्धतीनं उभं राहिलं. लोक फोनवर आपल्या बोलीत अडचण सांगतात, संपादक ती ऐकून तपासतात आणि मग ती सर्वांना ऐकायला मिळते. रेशन, मजुरीची थकबाकी, हातपंप अशा तक्रारी तिथून अधिकाऱ्यांच्या नंबरपर्यंत गेल्या. गडचिरोलीतल्या गटांना ही पद्धत जवळून समजून घेता येण्यासारखी आहे.

सेवा घेताना कंपनीला नेमकं विचारावं. परत लावलेल्या फोनचे पैसे मिनिटावर की सेकंदावर? एकाच वेळी किती फोन चालतात? आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा-बारा जण एकदम मिस्ड कॉल देतात. दोनच लाइन असतील तर बाकीच्यांना अर्ध्या तासानं फोन येतो, तोवर ते बैलाच्या बाजारात हरवलेले असतात. ध्वनिफितींची मालकी कुणाची आणि करार संपला तर त्या परत मिळतील का, हे लेखी घ्यावं. फोन न केलेल्यांना आपणहून घाऊक फोन लावण्याची सोय देऊ केली तर नको म्हणावं. अशा घाऊक फोनांवर ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, निर्बंध आहेत आणि लोक नंबर ब्लॉक करतात, ते वेगळंच.

खरा खर्च फोनचा नाही, ऐकणाऱ्या माणसाचा आहे. दिवसाला तीस जणांनी दोन-दोन मिनिटं बोलणं ठेवलं की एक तासाची ध्वनिफीत झाली. ती ऐकायची, नावं गाळायची, खात्री करायची, काटछाट करायची म्हटली की अनुभवी माणसालाही चार तास लागतात. एवढा वेळ देणारं कुणी नसेल तर ही सेवा सुरू करू नये. बोलणाऱ्याची तक्रार आठ दिवस ऐकली गेली नाही की तो पुन्हा फोन करत नाही आणि शेजाऱ्यालाही करू देत नाही. सुरुवातीला 'म्हणणं सांगा'ची सोय आठवड्यातून दोनच दिवस उघडी ठेवावी.

आपल्याकडून जाणारं बातमीपत्र अडीच ते तीन मिनिटांचं पुरे. फोनवर आवाज मुळातच चिरका होतो, जाडसर सूर गाळले जातात. म्हणून वाद्यसंगीत नको, पंखा बंद, आतल्या खोलीत गोधड्या टांगून आणि फोन तोंडापासून एक वीत दूर धरून बोलावं. आकडे दोनदा सांगावेत. 'सात हजार सातशे दहा' एकदाच ऐकून कुणाच्या लक्षात राहत नाही.

सामुदायिक रेडिओ

सर्वात आकर्षक आणि सहा गावांसाठी सर्वात घाईचा निर्णय. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना परवाना मिळू लागला, पण संस्था किमान तीन वर्षं नोंदणीकृत हवी. प्रक्षेपणाची ताकद १०० वॅट, अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर, सपाट मुलखात दहाएक किलोमीटरपर्यंत आवाज जातो. मेळघाटच्या डोंगरात त्याहून कमी. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी पहिला परवाना दहा वर्षांचा केला, तासाला १२ मिनिटं जाहिरातींना मुभा दिली आणि सल्लागार व मजकूर समितीत निम्म्या महिला सक्तीच्या केल्या. हे शेवटचं फार चांगलं झालं.

अडचण मुळाशीच आहे: स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, स्थानिक खेळ, सण-जत्रा, परीक्षा-प्रवेश, रोजगार, वीज-पाणी-आरोग्याच्या सूचना चालतात. ग्रामसभेत काय झालं, याची बातमी नाही. ज्यांचा जीवच गावच्या बातमीत आहे, त्यांनी रेडिओ जोडीला घ्यावा, पत्राच्या जागी नको. खबर लहरिया २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला बुंदेलीतलं छापील पत्र म्हणून सुरू झालं आणि पुढे मोबाईलच्या पडद्यावर गेलं. आधी गावोगावच्या बाया वार्ताहर म्हणून तयार झाल्या, माध्यम नंतर बदललं.

दुरुस्ती

कागदाची दुरुस्ती पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात छापावी, आणि ज्या गावाच्या पानावर चूक झाली त्या गावाच्या पानावर. आतल्या बाजूची चूक असेल तर सहाही गावांत. ग्रुपवरचा संदेश पंधरा मिनिटांतच सुधारता येतो. चॅनलवर मुदत जास्त मिळते, पण पुढे ढकललेल्या प्रती तशाच फिरत राहतात. म्हणून चॅनलवर जुना मजकूर गुपचूप बदलू नये, 'दुरुस्ती' असं वर लिहून नवा संदेश टाकावा. मिस्ड कॉल सेवा इथे सर्वांच्या पुढे जाते: चुकीची बातमी कोणत्या नंबरांनी ऐकली, याची यादी यंत्रणेत असते. तेवढ्याच नंबरांना दुरुस्तीचा एक फोन लावता येतो. करार करताना ही सोय लेखी मागून घ्यावी, बऱ्याच कंपन्या ती असूनही सांगत नाहीत.